दगडावरचा कित्ता

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प मधुमेहावर होतं, दुसरं निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर. दोन्ही वेळेला खुर्च्या कमी पडल्या. आज फळ्यावर 'अक्षरांचं संग्रहालय' एवढंच वाचूनही तुम्ही इतके जण आलात, याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. सेक्रेटरींनी मला पाऊण तास दिलाय आणि चहा बरोबर त्यानंतर ठेवलाय, म्हणजे कोणी मध्येच उठून जाणार नाही.

मी चित्रकलेचा मास्तर, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि निवृत्त झाल्यावर आपल्या गेटजवळच्या फळ्यावर. पाणी बंद, लिफ्ट बंद, वार्षिक सर्वसाधारण सभा, दहावी-बारावीच्या मुलांचं अभिनंदन, आणि अधूनमधून काळ्या चौकटीतला मजकूर. त्यामुळे 'मास्तर, तुमचं अक्षर छान' हे वाक्य मी भरपूर ऐकलंय. पण अक्षर छान म्हणजे काय, आणि ते छान अक्षर लिहिणारा हात गेल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न मला पडला तो शीआनला गेल्यावर.

शीआन हे चीनमधलं जुनं राजधानीचं शहर. त्याचं तेव्हाचं नाव चांगआन. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका सहलीबरोबर चीनला गेलो होतो. मातीच्या सैनिकांची ती प्रसिद्ध फौज पाहून झाली आणि एक दुपार मोकळी मिळाली. मंडळी खरेदीला गेली. आम्ही दोघं शहराच्या तटबंदीच्या आत, दक्षिण दरवाजाजवळ असलेल्या 'बेइलिन'मध्ये गेलो. बेइ म्हणजे कोरीव शिळा, लिन म्हणजे वन. शिळांचं वन. जागा मुळात कन्फ्यूशियसच्या मंदिराची. जुनी सरूची झाडं, लाल खांब आणि एकामागून एक दालनं. त्या दालनांत दारातल्या कोलमांएवढ्या उंच काळ्या शिळा दाटीवाटीने उभ्या. एकूण संग्रह तीन हजारांच्या आसपास. मूर्ती आहेत, पण त्या बाजूला. मुख्य गोष्ट म्हणजे लिहिलेला मजकूर. माणसं तिथे अक्षर पाहायला येतात.

चीनमध्ये सुंदर लिहिणं ही चित्रकलेची धाकटी बहीण नाही. उलट थोरली आहे. राजा, प्रधान, न्यायाधीश, भिक्षू, सगळ्यांची परीक्षा त्यांच्या अक्षरावरून व्हायची. म्हणून दगडावर जे कोरलं ते नुसता मजकूर म्हणून नाही, तर अमक्याचा हात म्हणून. आधी लेखक कुंचल्याने लिहायचा, मग कारागीर त्या कुंचल्याची प्रत्येक लकब, कुठे दाब दिला, कुठे उचलला, कुठे वळवला, ती दगडात उतरवायचा. तो कारागीरही मोठाच, पण त्याचं नाव बहुतेक वेळा शेवटी बारीक अक्षरात, किंवा नाहीच.

संग्रहालयाच्या दारावर जी पाटी आहे तिची गंमत सांगतो. 'बेइलिन' या दोन अक्षरांतल्या पहिल्या अक्षराची वरची एक छोटी रेघ गायब आहे. ही पाटी लिन झशू यांनी लिहिली असं मानतात. हे लिन म्हणजे 1839 साली ग्वांगझौजवळ इंग्रजांची अफू नष्ट करणारे अधिकारी. ती अफू आपल्या हिंदुस्थानातली, आणि माळव्याची अफू तर मुंबई बंदरातूनच चीनला जायची, हे आपण सोयीने विसरतो. पुढे युद्ध झालं, लिन यांच्यावर ठपका आला, त्यांना पश्चिमेला दूर हद्दपार केलं. वाटेत शीआनला त्यांनी ही पाटी लिहिली आणि एक रेघ मुद्दाम सोडली, परत येईन तेव्हा पुरी करीन म्हणून, अशी लोककथा. जाणकार म्हणतात, कथा वगैरे काही नाही, जुन्या शिळांवर ते अक्षर असंही लिहीत. मला जाणकारांचं पटतं. पण तिथे प्रत्येक आजोबा आपल्या नातवाला ती गायब रेघच दाखवत होते.

आता मुख्य दालन. तिथे 114 शिळा आहेत, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, म्हणजे 228 पानं. कन्फ्यूशियस परंपरेचे 12 ग्रंथ, एकूण साडेसहा लाख अक्षरं. चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे साधारण एक शब्द, म्हणजे आकाराचा अंदाज घ्या. तांग राजवटीत 833 च्या सुमारास काम सुरू झालं, 837 मध्ये संपलं. आणि हा खटाटोप कशासाठी? तेव्हा हे ग्रंथ हाताने उतरवून घ्यायचे. एकाने उतरवताना एक अक्षर चुकलं की पुढच्या दहा जणांचं चुकायचं. सरकारी परीक्षा तर याच ग्रंथांवर. 'माझ्या पोथीत असंच होतं' ही पळवाट कोणाला राहू नये, म्हणून राजधानीतल्या विद्यापीठात हा दगडी ग्रंथ उभा केला. शंका आली? जा, दगड बघून या. पुढे शंभर वर्षांनी जेव्हा हे ग्रंथ लाकडी ठोकळ्यांवर कोरून सरकारने पहिल्यांदा छापले, तेव्हा पाठ या दगडांवरूनच घेतला.

आपल्याकडे मराठीत एवढा मोठा दगडी मजकूर पाहायचा तर तंजावरला जावं. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास 1803 मध्ये भिंतीवर कोरवून घेतलाय, मराठीत. मी पाहिलाय. पण तो एका घराण्याचा इतिहास. हे अख्खं पाठ्यपुस्तक.

तर हे पाठ्यपुस्तक टिकलं कसं, ती कथा आपल्या सोसायटीला जवळची वाटेल. 904 साली एका बलाढ्य सरदाराने राजाला जबरदस्तीने लोयांगला हलवलं आणि चांगआन मोडीत काढलं. घरं उतरवली, तुळया आणि वासे नदीत सोडून खाली वाहून नेले. आजच्या भाषेत पाडकाम आणि भंगार एकाच वेळी. जे शहर उरलं ते एका अधिकाऱ्याने आटोपशीर, लहानसं तटबंदीत बसवलं, आणि हे दगडी ग्रंथ राहिले तटाबाहेर, उघड्या रानात. काही वर्षांनी तिथे ल्यू शुन नावाचा सेनापती कारभार पाहत होता. त्याच्या पदरच्या यिन यूयू नावाच्या माणसाने विनंती केली की शिळा आत आणू या. सेनापती म्हणाला, शत्रू कधीही चालून येईल, आत्ता हे तातडीचं नाही. आता हा यिन यूयू विद्या, परंपरा, वारसा यावर एक शब्द बोलला नाही. त्याने सांगितलं, साहेब, शत्रू आला तर हेच दगड फोडून आपल्यावर फेकेल. सेनापतीला ते तत्काळ पटलं. शिळा आत आल्या.

हे सगळं पुढे तिथेच एका शिळेवर लिहून ठेवलंय, थाप होती हे सांगून. मला हा माणूस फार आवडतो. आपल्या कमिटीत आजवर ज्यांनी ज्यांनी काही करून दाखवलं, त्यांनाही हे तंत्र अवगत होतं असा माझा अंदाज आहे. नावं घेत नाही.

पण नवी जागाही सखल, तिथे पाणी साचायचं. 1087 मध्ये ल्यू दाझोंग या अधिकाऱ्याने त्या पुन्हा हलवल्या, सरकारी शाळेच्या आवारात नीट ओळीने लावल्या, आणि शहरात इकडेतिकडे पडलेल्या दुसऱ्या नामवंत शिळाही तिथे आणल्या. संग्रहालय आपला जन्म याच वर्षापासून मोजतं. म्हणजे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेव्हा हे संग्रहालय साडेपाचशे वर्षांच्या घरात होतं.

1556 च्या जानेवारीत त्या भागात भूकंप झाला. नोंदलेल्या इतिहासातला सर्वांत जीवघेणा. चिनी नोंदींत मृतांचा आकडा आठ लाखांच्या वर आहे. दगडी ग्रंथातल्या कितीतरी शिळा कोसळून मोडल्या. तीसेक वर्षांनी, 1588 मध्ये, स्थानिक विद्वानांनी तुटलेल्या ओळींतली अक्षरं छोट्या वेगळ्या शिळांवर कोरून मूळ शिळांच्या शेजारी लावली. मूळ दगडाला हात लावला नाही, ठिगळ ठिगळ म्हणूनच दिसतं. मला ही पद्धत योग्य वाटते. फक्त ठिगळांचं काम घाईचं होतं, त्यात चुका राहिल्या. आणि ठसे विकणाऱ्यांनी मूळ आणि ठिगळ चिकटवून एकच सलग पान करून विकलं. त्यावरून पुढच्या शतकात गू यानवूसारख्या मोठ्या पंडितानेसुद्धा ठिगळातल्या चुकांचा दोष मूळ शिळांना दिला.

आता ठसा म्हणजे काय ते सांगतो, कारण या संग्रहालयाचा प्राण त्यात आहे. शिळेवर ओलसर पातळ कागद पसरायचा. मऊ ब्रशने तो चिकटवायचा, मग वर लोकर किंवा कापड ठेवून हलके हलके ठोकायचं, म्हणजे कागद कोरलेल्या खाचांत उतरतो. कागद जवळपास सुकला की कापसाची, कापडात बांधलेली बोंडी घ्यायची, तिला शाई लावून कागदावर टिपत जायचं. वर आहे ते काळं होतं, खाचेतलं पांढरं राहतं. मग कागद अलगद सोलून काढायचा. काळ्यावर पांढरी अक्षरं. छापखान्यातल्यासारखी उलटसुलट भानगड नाही. वाचता येईल असं सुलट अक्षर, मूळ मापाचं. आपल्याकडे ताम्रपटांचे आणि शिलालेखांचे ठसे पुरातत्त्ववाले असेच घेतात. तिथे एका दालनात हे काम माझ्यासमोर चाललं होतं. ठक, ठक, ठक, ठक. पोहे कांडल्यासारखा पण मंद आवाज.

हा ठसा घरी न्यायचा, पट्ट्या कापून वही करायची आणि मुलाने त्यावरून गिरवायचं. चिनी माणूस अक्षर शिकतो तो असा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, कित्ता. आम्ही शाळेत टाकाने कित्ता गिरवला, आमच्या वडिलांनी बोरूने. तिथे मुलाचा कित्ता म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा खरा हात, दगडावरून उचललेला.

आणि इथेच पेच आहे. एकेका शिळेवर किती लोकांनी ठोकलं असेल? शेकडो वर्षं, पिढ्यान् पिढ्या. शिळा मुळात राखाडी रंगाच्या. ठसे घेताना झिरपलेल्या शाईने त्या काळ्याकुळकुळीत, तुकतुकीत झाल्यात. कडा बोथट झाल्या. बारीक रेघा बुजल्या. म्हणजे ज्या कामासाठी दगड उभा केला, तेच काम त्याला झिजवतं. आता नामांकित शिळांवर काच आहे आणि ठसे घ्यायला मनाई आहे. बरोबरच आहे. पण काचेपलीकडून पाहताना माझ्या मनात सारखं येत होतं, की हा निर्णय हजार वर्षांपूर्वी झाला असता तर?

याचं उत्तर तिथेच एका माणसाच्या दोन शिळांमध्ये आहे. यान झनचिंग. जन्म 709, मृत्यू 785. बंडखोर सरदाराकडे राजाचा दूत म्हणून गेले, त्याला सामील व्हायला नकार दिला आणि त्याच्याच हाती मारले गेले. वय सत्तरीच्या पुढे. चीनमध्ये आजही मुलाला सुलेखनाच्या क्लासला घाला, पहिला कित्ता बहुधा यांचाच. धष्टपुष्ट, ताठ, जमिनीवर पाय रोवून उभं असलेलं अक्षर. बेइलिनमध्ये त्यांची 752 सालची शिळा आहे, प्रभूतरत्न स्तूपाबद्दलची. प्रभूतरत्न हे नाव आपल्याच सद्धर्मपुंडरीक सूत्रातलं. या शिळेवरून इतके ठसे निघाले, इतक्या मुलांनी ते गिरवले, की शिळा झिजली.

दुसरी शिळा त्यांनी आपल्या पणजोबांसाठी 779 मध्ये लिहिली. ही मध्यंतरी जमिनीखाली गडप झाली आणि 1922 मध्ये शीआनमध्येच खणताना सापडली. एवढी वर्षं मातीत असल्यामुळे अक्षरं अगदी काल कोरल्यासारखी, धारदार. मी दोन्हींसमोर उभा राहिलो. दुसरी पाहून डोळे निवतात, यात शंका नाही. पण मधली कित्येक शतकं तिच्यावरून एका मुलानेही एक अक्षर गिरवलं नाही. ती सुरक्षित होती आणि कोणाच्याच हातात नव्हती. यान झनचिंग यांचं वळण चीनच्या हाताला लागलं ते झिजलेल्या शिळेने आणि तिच्यासारख्या इतर झिजलेल्या शिळांनी. आता दोन्ही आहेत म्हणून आपण निवांत तुलना करतोय. एकच मिळणार असती, तर मी झिजलेली घेतली असती.

अजून एक शिळा, आणि ती मात्र आपल्या नात्यातली आहे. युआन श्वांग हे नाव शाळेतल्या इतिहासात आपण सगळ्यांनी वाचलं, जुन्या पुस्तकांत ह्यूएनत्संग. सातव्या शतकात चांगआनहून निघाला, हिंदुस्थानभर फिरला, 641 च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही आला. दुसरा पुलकेशी राज्यावर होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या सर्वसाधारण सभांना हजर असल्यासारखा माणूस! 645 मध्ये तो 657 ग्रंथ घेऊन चांगआनला परतला आणि उरलेलं आयुष्य भाषांतरात घालवलं.

तांग सम्राट ताइझोंगने या भाषांतरांना प्रस्तावना लिहून दिली. ती शिळेवर घालायची ठरली. सम्राट वांग शीझी या सुलेखनकाराचा वेडा भक्त. हा वांग चौथ्या शतकातला, म्हणजे तेव्हाच तो जाऊन तीनशे वर्षं झालेली. त्याची सर्वांत नामांकित हस्तलिखित प्रत सम्राटाने स्वतःच्या थडग्यात बरोबर नेली असं सांगतात. आज वांग शीझीच्या हातचा खात्रीचा एकही मूळ कागद जगात नाही. सगळ्या नकला.

मग हुआइरेन नावाच्या भिक्षूने काय केलं, तर वांगच्या अक्षराचे जे जे कागद उपलब्ध होते त्यांतून प्रस्तावनेला लागणारं एकेक अक्षर शोधून काढलं. हे अक्षर या पत्रातलं, ते त्या पत्रातलं. लहानमोठी होती ती एका मापात बसवली. जे सापडलंच नाही ते दोन अक्षरांचे तुकडे जोडून बनवलं. असं सांगतात की न सापडलेल्या अक्षराला हजार मोहरांचं इनाम लावलं होतं. गोष्ट खरी-खोटी असो, पण काम वीसेक वर्षं चाललं आणि 672 मध्ये शिळा उभी राहिली. एकोणीसशेच्या वर अक्षरं. मेलेल्या माणसाकडून त्याने कधीच न लिहिलेला मजकूर लिहवून घेतला.

त्या मजकुराच्या शेवटी युआन श्वांगने भाषांतरित केलेलं प्रज्ञापारमिता हृदयसूत्र आहे, आणि सूत्राच्या अखेरीस संस्कृत मंत्र, चिनी अक्षरांत नुसता उच्चार म्हणून लिहिलेला. म्हणजे ज्या वांग शीझीला संस्कृतचा गंध नव्हता, त्याच्या हस्ताक्षरात आपल्या देशातला मंत्र तिथे दगडावर आहे. मी अक्षरं वाचू शकत नाही. पण आमच्या वाटाड्या मुलीने बोट ठेवून ती जागा दाखवली आणि तिच्या उच्चारांत मोडकातोडका का होईना, मंत्र ओळखू आला. सौ. ने हात जोडले.

पुढे या शिळेला आडवा तडा गेला. त्यामुळे जाणकार ठसा हातात घेतला की आधी तडा बघतात. तडा नाही म्हणजे ठसा जुना, मोलाचा. एकेका अक्षराची कुठली रेघ कधी उडाली, यावरून ठशाचं वय सांगणारे लोक आहेत. आणि 1973 मध्ये काय झालं बघा. प्रवेशदाराजवळच 745 सालचा एक प्रचंड दगडी स्तंभ आहे, चार शिळा जोडून केलेला, सम्राट श्वानझोंगच्या हस्ताक्षरातला. त्याची डागडुजी करताना आतल्या फटीत जुने कागद सापडले. त्यांत या हुआइरेनच्या शिळेचा एक अख्खा ठसा होता, तडा जाण्याआधीचा. शिळेची प्रत शेजारच्या शिळेच्या पोटात. कोणी, कधी, का ठेवली असेल? चोरून ठसा घेणारा घाबरला असेल का? मला हा विचार करायला आवडतं.

बाकीच्या दालनांबद्दल भरभर सांगतो. 781 सालची एक शिळा आहे, चीनमध्ये ख्रिस्ती धर्म आल्याची, चिनी आणि सिरियाक अशा दोन लिप्यांत. 1907 मध्ये एक डॅनिश गृहस्थ ती विकत घ्यायला आला. अधिकाऱ्यांना सुगावा लागला, त्यांनी ती उचलून बेइलिनमध्ये आणली, आणि तो हुबेहूब प्रतिकृती करून घेऊन गेला. इथेही नक्कल बाहेर गेली, मूळ राहिलं. घसरत्या, एकमेकांत गुंतलेल्या 'तृण' लिपीच्या शिळा आहेत. आपल्या मोडीसारखं, हात न उचलता लिहिलेलं, आणि मोडीसारखंच सगळ्यांना न वाचता येणारं. त्यांतले एक-दोन लेखक दारू पिऊन लिहीत, अशी ख्याती. आपण त्या तपशिलात शिरायला नको, मुलं बसली आहेत.

आता थोडं घरचं. गेल्या वर्षापासून माझ्या उजव्या हाताला कंप आहे, हे तुमच्यातल्या काहींच्या लक्षात आलंच असेल. सही करताना बँकेत दोनदा विचारतात. डॉक्टर म्हणतात, औषधाने वाढ थांबेल, पूर्वीसारखं होणार नाही. गेटवरचा फळा मी सोडला तो त्यामुळे. दिवाळीपासून सी विंगमधली नववीतली एक मुलगी तो लिहिते. ती आधी दोन वर्षं सुट्टीत माझ्याकडे यायची. मागच्या आठवड्यात मी दूध घेऊन येताना फळ्यासमोर थांबलो. 'शनिवारी पाण्याची टाकी साफ होणार' असं काहीतरी होतं. तिचा 'श' माझा आहे. गाठ जरा मोठी काढायची आणि दांडा किंचित आत घ्यायचा, ही माझी खोड, आणि माझीही नाही, माझ्या मास्तरांची. 'ळ' मात्र तिने स्वतःचा काढलाय, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा काढलाय. ती आत्ता समोर बसली आहे आणि तिला लाज वाटतेय, म्हणून नाव घेत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि हा कमिटीसाठी. आपल्या पोर्चमध्ये डाव्या हाताला कोनशिला आहे. नव्या मंडळींना ती माहीतही नसेल, कारण तिच्यासमोर गेली कित्येक वर्षं स्कूटर लागते आणि तिच्यावर भिंतीबरोबर तीन वेळा रंगाचा हात फिरलाय. तिच्यावर मुख्य प्रवर्तक आणि पहिल्या अकरा सभासदांची नावं आहेत. त्यांतले आज चौघेच आपल्यात आहेत. अक्षर साधं आहे, कोणा गवंड्याच्या ओळखीतल्या पाथरवटाने कोरलेलं, पण 'र्' आणि रफार त्याने फार सुरेख घेतलाय. रिडेव्हलपमेंटचा विषय पुढच्या सभेत आहे. त्यावर आज मी बोलणार नाही, दोन्ही बाजूंची मंडळी इथे आहेत आणि सगळ्यांना चहा प्यायचाय. पण आर्किटेक्टने मांडलेला आराखडा मी नीट पाहिला. त्यात कोनशिला कुठेच नाही. जुन्या इमारतीबरोबर ती जाईल, कोणी मुद्दाम पाडणार नाही, फक्त कोणाच्या यादीत नसेल. तेव्हा ती नव्या प्रवेशद्वारात बसवायची असा एका ओळीचा ठराव मी लेखी दिला आहे. ज्यांना वारसा वगैरे शब्दांची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी सांगतो, पहिल्या सभासदांच्या हक्काबद्दल उद्या वाद निघाला तर दगडावरचा पुरावा हाताशी असलेला बरा. सेनापतींनी विचार करावा.

ठराव होईल न होईल. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आपण त्या कोनशिलेचा ठसा घेणार आहोत. रंग मी आणि वॉचमन मिळून दोन दिवस खरवडतोय, बराचसा निघालाय. बेइलिनसारखी शाई नको, दगडाला डाग पडेल. ओला कागद सुकवून त्यावर कोरड्या काळ्या रंगाची पूड टिपायची, मुलांच्या हातांना झेपेल असं. कागद मी आणतो. प्रत्येक मुलाने घरून एक जुना सुती बनियन आणि मूठभर कापूस आणायचा, बोंडी तिथेच बांधायला शिकवीन. ए विंगच्या ज्या कोणाची स्कूटर तिथे असते, त्यांनी ती कृपया शनिवारी रात्रीच हलवावी.